बांधावरचे गवत : ग्रामीण कादंबरीतला रोजचा दिवस

१

मराठी ग्रामीण कथेत बांध आला की वाचक सावध होतो. आता दोन भाऊ समोरासमोर येणार, कुऱ्हाड निघणार, मोजणीदाराला बोलावणे जाणार, कज्जा तालुक्याला पोहोचणार, हे त्याला सवयीने ठाऊक असते. ‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग तर शेतीशी काडीचा संबंध नसलेला माणूसही वापरतो. कथेला संघर्ष लागतो आणि बांध तो आयता पुरवतो. त्यामुळे आपल्या कथावाङ्मयात बांध जवळजवळ नेहमी भांडणाच्या दिवशीच दिसतो.

शेतात मात्र भांडणाचा दिवस वर्षातून एखादा, किंवा तोही नाही. उरलेले सारे दिवस बांधावर गवत वाढत असते. ते विळ्याने कापले जाते, त्याचा भारा डोक्यावरून घरी येतो, म्हशीपुढे पडतो, म्हैस धार देते, शेण उकिरड्यात जाते आणि उन्हाळ्यात तेच खत होऊन बांधाच्या आतल्या रानात पसरले जाते. लहान शेतकऱ्याचे घर या फेऱ्यावर उभे असते. दोन-तीन एकरांचे रान, एक-दोन जनावरे, चार कोंबड्या, एखादी शेळी आणि या सगळ्याला वेढणारे कुंपण किंवा बांध, अशी ही लहानशी व्यवस्था आहे. तिला सुट्टी नसते. दुष्काळ पडो, घरात लग्न निघो किंवा मयत होवो, गोठ्यातले शेण रोज काढावेच लागते.

हा रोजचा दिवस मराठी गद्यात कोठे आणि कसा आला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या ग्रामीण कादंबरीने गोठा मनापासून पाहिला, पण बांध पाहिला नाही, आणि आपल्या समीक्षेने बोली, दारिद्र्य व शोकांतिका या तीन खुणांवर ग्रामीणता मोजल्यामुळे ही उणीव तिला जाणवलीही नाही. ज्या मोजक्या कृतींनी रोजचे काम हेच कथनाचे अंग केले, त्यांच्यातच काही गमावल्याची जाणीव खरी उतरली आहे. रोजचे चित्र नसेल, तर गेलेले काय गेले हे वाचकाला कळण्याचा मार्गच राहत नाही.

२

आधी वस्तू नीट पाहू. देशावर ज्याला बांध म्हणतात त्याला विदर्भात धुरा म्हणतात. कोकणात भातखाचराची मेर वेगळी, दगडांचा गडगा वेगळा आणि काटेरी किंवा जिवंत झाडांची वई वेगळी. एकाच हद्दीला इतके शब्द असणे हे त्या हद्दीत निरनिराळी कामे असल्याचे लक्षण आहे. मेर पाणी अडवते, गडगा जनावर अडवतो, वई जनावर अडवते आणि वर सरपण व पाला देते. देशावरच्या बांधावर बाभूळ, बोर, निंब, करंज, निरगुडी, तरवड उभी असते. खाली हरळी, मारवेल, पवन्या, कुंदा. जेथे माती पुरेशी नाही तेथे शेर, निवडुंग, घायपात. पिकाच्या काळात ओढून आणलेल्या बोराट्या.

या झाडाझुडपांतले एकही शोभेसाठी नसते. बाभळीचे लाकूड औताला आणि जुवाला, बोराट्या कुंपणाला, निरगुडीचे फोक टोपल्यांना, निंबाचा पाला धान्यात. पहिल्या पावसानंतर बांधावरच्या तांदुळजा, पाथरी, कुर्डू यांची भाजी होते. पिकाच्या दिवसांत रानात जनावर सोडता येत नाही, तेव्हा हिरवा चारा बांधावरूनच येतो. दुभत्या म्हशीला दिवसाकाठी वीसएक किलो हिरवी वैरण लागते, म्हणजे घरातल्या कोणीतरी रोज निदान एक मोठा भारा कापून आणलाच पाहिजे. हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा बाई असते, हा मुद्दा पुढे येईल.

सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. बांधावरच्या गवताची होत नाही. कायद्याला बांध माहीत आहे तो हद्द म्हणून आणि वाट म्हणून. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ मधील कलम १४३ हे शेताच्या हद्दीवरून जाण्यायेण्याच्या हक्काविषयी आहे आणि त्याचा निर्णय तहसीलदाराने करायचा असतो. म्हणजे सरकारदरबारी बांध दोनच प्रसंगी उमटतो : कोणी तो कोरला तर, किंवा कोणी त्यावरून जाणे अडवले तर. आपल्या कथाकारांनी बांधाकडे पाहण्याची दृष्टी नकळत याच दप्तरातून उचलली की काय, अशी शंका येते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. देशातील पहिली कृषिगणना १९७०-७१ मध्ये झाली. तेव्हा महाराष्ट्रातील एका वहिवाट खात्याचे सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आले. जमिनीची वाटणी होते तेव्हा बांध वाढतात. चार हेक्टरांच्या चौरस रानाची कड आठशे मीटर भरते. त्याचे चार भावांत चार चौरस केले की आत आणखी चारशे मीटर बांध उभा राहतो. पण लांबी वाढते तशी रुंदी कमी होते, कारण प्रत्येकाला आपल्या तुकड्यात एक तास जास्त हवे असते. शेवटी बांध पायवाटेएवढाही उरत नाही. त्यावरचे गवत जाते, बाभूळ जाते, आणि वैरण विकत घेण्याची वेळ येते. म्हणजे ज्या भांडणावर इतक्या कथा लिहिल्या गेल्या, त्या भांडणाचे मूळ जसे जमिनीच्या लोभात आहे तसेच ते गोठ्याच्या गणितातही आहे. हे दुसरे मूळ कथेत फारसे दिसत नाही.

३

रोजच्या शेतकरीजीवनाची आधुनिक मराठीतली पहिली सविस्तर नोंद शोधायची तर जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’कडे जावे लागते. १८८३ च्या या ग्रंथात सरकारी खाती, भटशाही, कर्ज यांवर प्रहार आहेत. पण वाङ्मय म्हणून पाहता त्यातला सर्वांत धीट भाग म्हणजे चौथ्या प्रकरणातले शेतकऱ्याच्या घराचे वर्णन. घर, गुरे, भांडीकुंडी, कपडे, अन्न असा एकेक तपशील ते यादीसारखा मांडत जातात. जंगलखात्याने गायराने घशात घातल्यामुळे शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी पडली, हेही ते सांगतात. चारा हा राजकीय प्रश्न आहे, हे इतक्या स्पष्टपणे मराठीत त्यापूर्वी कोणी म्हटले नव्हते. फुल्यांची यादी वाचकाला हळवे करण्यासाठी नाही. ज्याला शेतकऱ्याविषयी बोलायचे आहे त्याने आधी त्याच्या गोठ्यात काय आहे ते मोजावे, असा तिचा रोख आहे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. गावाची घडण, वतने, बलुतेदार, फिरस्ते यांची इतकी बारीक माहिती देणारे दुसरे पुस्तक त्या काळात नाही. पण आत्र्यांची नजर कारभाऱ्याची आहे. गावाच्या उत्पन्नातून कोण किती ओढून नेतो, हा त्यांचा मुख्य प्रश्न. त्यामुळे फिरस्त्या जमातींकडे ते गावावरचा भार म्हणून पाहतात. कुंपणाच्या आत कोण आणि बाहेर कोण, ही रेषा त्यांच्या लेखी पक्की आहे. पुढच्या ग्रामीण कादंबरीने फुल्यांपेक्षा आत्र्यांचा वारसा अधिक उचलला, असे म्हणावेसे वाटते. तिने गाव संस्था म्हणून पाहिले : पाटील, कुलकर्णी, तालीम, चावडी, जत्रा. घर आणि रान यांच्यामधली अर्ध्या कोसाची वाट, जिच्यावरून दिवसातून चार खेपा होतात, ती मात्र कथेत फारशी उतरली नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) येथे वेगळी ठरते. तिच्या इंग्रजी अनुवादाला ‘दि व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असे नाव दिले गेले. मूळ नावात नसलेली गोष्ट अनुवादकाने पकडली : ही मेंढपाळांची वाडी आहे, तिला भिंत नाही, आणि मेंढरांमागे चालणाऱ्या माणसांचे जग बांधाच्या आत मावत नाही. वाडीचा दिवस मेंढरे बाहेर पडली की सुरू होतो आणि ती परतली की संपतो. शाळामास्तराला आपल्या शाळेची वेळ या दिवसात बसवावी लागते. माडगूळकर हे सारे भाष्य न करता सांगतात. शेकूला पेरणीच्या हंगामात दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको जुवाला खांदा लावते. हा प्रसंग वाचकाच्या मनात राहतो त्याचे कारण तो भयंकर आहे एवढेच नाही. वाडीतल्या जनावरांचे मोल आपल्याला तोवर पानोपानी कळलेले असते. बैल नसणे म्हणजे काय, हे लेखकाला तेथे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शेवटी दुष्काळ वाडी रिकामी करतो, तेव्हाही रिकामेपणा जाणवतो तो रोजची ये-जा थांबल्यामुळे.

४

१९७१ साली, म्हणजे त्या पहिल्या कृषिगणनेच्या सुमारास, आनंद यादवांची ‘गोतावळा’ प्रसिद्ध झाली. कथानक चार ओळींत सांगता येते. नारबा हा एका मळ्यावरचा गडी. त्याला ना घर, ना बायको. मळ्यावरची बैल, म्हशी, कुत्रे, कोंबड्या हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरांची गरज संपते, एकेक जनावर मळ्यावरून जाते आणि नारबा एकटा पडत जातो. निवेदन नारबाच्याच तोंडचे, कागल परिसराच्या बोलीत.

या कादंबरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बहुतेक लेखनात दोन मुद्दे येतात : यंत्रयुगाने केलेला ग्रामजीवनाचा विध्वंस आणि बोलीचा सामर्थ्यशाली वापर. दोन्ही खरे आहेत. पण यंत्राने जनावर हटवल्याची गोष्ट एखाद्या लेखातही सांगता आली असती, आणि बोलीत तर त्याआधीही लिहिले जात होते. ‘गोतावळा’ इतकी का लागते, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे.

यादव कादंबरीचा मोठा भाग अशा गोष्टींना देतात ज्यांना कथानकाच्या भाषेत घटना म्हणता येणार नाही. वैरण टाकणे, पाणी दाखवणे, शेण भरणे, एका जनावराची खोड, दुसऱ्याचे दुखणे. प्रत्येक जनावराचा स्वभाव वेगळा, त्याच्याशी बोलण्याची रीत वेगळी. ही कामे पुन्हा पुन्हा येतात. घाईच्या वाचकाला येथे कादंबरी थांबल्यासारखी वाटेल. पण पुनरावृत्तीतूनच नारबाच्या दिवसाचा साचा वाचकाच्या अंगवळणी पडतो. मग जनावरे जायला लागतात. लेखकाला दुःखाचे वर्णन फार करावे लागत नाही. सकाळचे एक काम कमी होते, दावणीतली एक जागा मोकळी राहते. नारबाच्या हातांना जे रिकामपण येते ते वाचकालाही जाणवते, कारण त्या हातांचे वेळापत्रक आता त्यालाही पाठ असते. गेलेली जनावरे जशी नारबाचे नातलग होती, तसा त्यांच्यासोबतचा दिवस हे त्याचे घर होते.

येथे एक आक्षेप घ्यायला हवा. नारबाचे जनावरांवरचे प्रेम खरे असले तरी मळा त्याचा नाही. जनावर विकायचे की ठेवायचे, हे ठरवणे त्याच्या हाती नाही. कादंबरीत हे वास्तव आहे, पण समीक्षेने त्याकडे कानाडोळा केला. जनावरे गेल्याचा शोक तिने ग्रामसंस्कृतीचा शोक म्हणून वाचला. एका मजुराचे काम गेल्याची गोष्ट म्हणून क्वचितच वाचला. नारबाला मळ्याची माया आहे, पण त्या मायेला कागदावर जागा नाही. मालकाच्या बांधाच्या आत तो आयुष्यभर राबतो, आणि त्या बांधाच्या कोणत्याही बाजूची वीतभर जमीन त्याच्या नावावर नाही. ‘गोतावळा’ला केवळ यंत्रविरोधी कादंबरी म्हणणे म्हणजे हा प्रश्न ट्रॅक्टरच्या आवाजात बुडवणे होय.

आणि हा प्रश्न यादवांना ठाऊक नव्हता असे म्हणताच येत नाही. १९८७ साली त्यांचे ‘झोंबी’ आले. तेच परिसर, तीच कामे, पण आता पाहणारा वेगळा. ‘झोंबी’तला आनंदा शाळेसाठी धडपडतो आणि वडील त्याला रानात ओढतात. पाणी पाजणे, म्हशी राखणे, वैरण आणणे, यातले प्रत्येक काम त्याच्या शाळेचा एक तास खाते. नारबाला ज्या कामात नाते सापडले तेच काम या मुलाला दाव्यासारखे बांधून ठेवते. एकाच लेखकाने, एकाच मातीतून, त्याच गोठ्याची अशी दोन चित्रे काढली आहेत. ती शेजारी ठेवून वाचायला हवीत. तसे केले तर गोठ्याविषयी उमाळे काढणारेही गप्प होतील आणि गोठ्याला केवळ मागासपणाची खूण मानणारेही. गोठा जिव्हाळ्याचा असतो आणि तो माणसाचा दिवस गिळतोही. लहान शेतकऱ्याच्या घरात या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, आणि त्या कोणाच्या वाट्याला कशा येतात हे मालक कोण, मुलगा कोण, गडी कोण, यावर ठरते.

५

बांधाच्या बाहेर उभे राहून पाहणाऱ्यांनी जे लिहिले ते ग्रामीण कादंबरीच्या दालनात ठेवले जात नाही; त्याला दलित आत्मकथन, भटक्या-विमुक्तांचे साहित्य अशी वेगळी नावे आहेत. वर्गीकरण म्हणून ती उपयोगाची असतील, पण एकाच रानाच्या दोन बाजूंचे लेखन त्यांनी तोडून ठेवले आहे.

दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेली जनावरे ओढण्याचे आणि त्यांच्या वाटणीचे जे चित्र आहे ते ‘गोतावळा’नंतर लगेच वाचून पाहावे. गोठ्यात जनावराला नाव असते, सणाला त्याच्या शिंगांना रंग लागतो. ते मेले की गोठेवाल्याचा संबंध संपतो आणि महारवाड्याचा सुरू होतो. म्हणजे जनावराच्या जगण्याची कथा एका दालनात आणि मरणानंतरची दुसऱ्या दालनात. लहान शेतीचा फेरा पूर्ण दाखवायचा तर दोन्ही पुस्तके लागतात. एक वगळले की दुसरे अर्धे खोटे वाटू लागते.

लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ (१९८०) कैकाडी समाजातले. टोपल्या, कणग्या विणणे हा या समाजाचा पिढीजात धंदा, आणि त्यासाठी फोक लागतो. ओढ्याकाठची, बांधाकडेची निरगुडी शेतकऱ्याच्या लेखी आपोआप उगवलेले झुडूप असते. विणणाऱ्यासाठी ती रोजच्या भाकरीचा कच्चा माल असते. त्याच शेतकऱ्याच्या घरी धान्य साठते ते या फोकाच्या कणगीत, आणि शेण वाहिले जाते ते या फोकाच्या पाटीतून. तरीही गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारा माणूस गावाला परका वाटतो. आत्रे ज्यांना भार म्हणून मोजतात त्यांच्यातलाच एक आवाज, पासष्ट वर्षांनी, बांधाच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते ते सांगतो. कुंपण आतल्यांना राखते, आणि बाहेरच्यांना रोज आपली जागा दाखवते.

आता राहिली गवत कापणारी बाई. वर उल्लेखिलेल्या कादंबऱ्यांत निवेदक पुरुष आहे किंवा पुरुषाच्या नजरेने कथा पुढे जाते. बाया त्यांत आहेत, राबतात, पण भारा बांधताना त्यांच्या मनात काय चालते ते कळत नाही. ते कळते ओव्यांमधून. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह झाला. त्यांत भावाचे शेत, त्याचे बैल, माहेरची वाट ही पुन्हा पुन्हा येणारी ठिकाणे आहेत. जी बाई सासरच्या रानात दिवसभर राबते ती गाते भावाच्या रानाविषयी. तिच्या नावावर जमीन दोन्हीकडे नाही. बांधावरची मालकी ज्याची, त्याने बांधाच्या भांडणाची कथा लिहिली. बांधावरचे गवत जिने कापले, तिने पहाटे जात्यावर गाणे म्हटले. आणि आपण पहिल्याला कादंबरी म्हटले, दुसऱ्याला लोकसाहित्य.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या फाटाफुटीला अपवाद आहेत. त्या लिहिणे-वाचणे शिकल्या नव्हत्या. त्यांची गाणी १९५२ साली, मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. त्यांनी मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण या उपमेकडे तत्त्वज्ञान म्हणून पाहताना तिचा उगम आपण विसरतो. पिकात शिरलेले गुरू हाकलण्यासाठी जी काम टाकून पुन्हा पुन्हा धावली आहे, तिलाच मनाचा हट्ट असा दिसतो. कुंपण मोडले की काय होते, हा तिचा रोजचा अनुभव आहे. संतकवींनी मनाला आवरण्याविषयी पुष्कळ सांगितले; बहिणाबाईंनी ते राखणीच्या भाषेत सांगितले, आणि राखण हे बहुधा बायकामुलांच्या वाट्याचे काम. आपण ज्याला सुभाषित म्हणून फलकावर लिहितो ते मुळात एका कामकरी दिवसातले निरीक्षण आहे.

६

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ २००२ ची. तिच्या नावातच बारा महिने आहेत. शिकलेला आणि नोकरी नसलेला एकनाथ, थकलेले आईवडील, वाट चुकत चाललेला धाकटा भाऊ, शहरी सवयींची आणि या घरात न रमणारी बायको. शेती या घराच्या मुळाशी आहे, पण घराचा दिवस आता शेतीच्या घड्याळावर चालत नाही. नोकरीची वाट पाहणे, कर्ज, बाजारभाव, आपसातली धुसफूस यांनी तो भरला आहे. ‘बनगरवाडी’त दुष्काळ बाहेरून येतो आणि रोजचा क्रम थांबवतो. ‘बारोमास’मध्ये क्रम आतून सैल झालेला आहे आणि म्हणून दुष्काळ नसलेल्या महिन्यांतही सुटका नाही. शेतकरी आत्महत्यांच्या काळात लिहिल्या गेलेल्या पुष्कळ कथा शेवटच्या दिवसावर रोखलेल्या असतात. देशमुख त्या दिवसाच्या आधीचे महिने दाखवतात, हे त्यांचे मोठेपण.

तरीही एक प्रश्न उरतो. १९७० नंतरच्या पन्नास वर्षांत लहान शेतीत जे बदल झाले त्यांतले अनेक फार शांतपणे झाले. बैलजोडी पाळणे परवडेना, मग भाड्याचा ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला वळायला जागा हवी, म्हणून बांध बारीक झाला, बाभूळ तुटली. जिवंत कुंपणाच्या जागी तार आली. तारेला पाला नसतो, सरपण नसते, भाजी नसते. ती फक्त अडवते. बांधावरचे गवत गेले म्हणून वैरण विकत आली, ती परवडेना म्हणून म्हैस गेली, म्हैस गेली म्हणून शेणखत गेले, शेणखत गेले म्हणून खताचे पोते उधारीवर आले. कर्जाच्या पहिल्या रुपयापर्यंत जाणारी ही साखळी कोठल्याही एका दिवशी तुटत नाही. तिच्यात खलनायक नाही, सावकार नाही, कुऱ्हाड नाही. म्हणूनच नाट्याच्या शोधात असलेल्या कथेच्या हातून ती निसटते.

ही उणीव फक्त लेखकांची नाही. ग्रामीण साहित्याची चळवळ उभी राहिली तेव्हा तिला नागर समीक्षेसमोर आपली अस्सलता सिद्ध करावी लागली. बोलीचे बळ आणि अनुभवाची दाहकता ही तिची शस्त्रे होती आणि त्या काळात ती आवश्यकही होती. यादवांनी स्वतः चळवळीचे शास्त्र मांडताना ग्रामीण अनुभवाच्या स्वतंत्र घडणीवर भर दिला. पुढे मात्र दाहकता हाच निकष होऊन बसला. ज्या कथेत कोणी मरत नाही, जप्ती येत नाही, गाव पेटत नाही, ती कथा सौम्य, म्हणून दुय्यम. अशा निकषाला ‘गोतावळा’तली वैरण टाकण्याची पाने ही केवळ वातावरणनिर्मिती वाटते. प्रत्यक्षात ती पाने काढून टाकली तर कादंबरीत फक्त बातमी उरेल.

कोणी म्हणेल की रोजचे काम म्हणजे साहित्य नव्हे. शेण काढण्याची नोंद वाचून वाचकाला काय मिळणार? हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचे उत्तर वरच्या कृतींनीच दिले आहे. रोजचे काम नुसते नोंदवले तर ते अहवाल होते. ते कोण करते, कोणाच्या मालकीवर करते, कशाच्या बदल्यात करते आणि ते थांबले तर कोणाचे काय थांबते, हे दिसू लागले की त्याचे कथन होते. फुल्यांच्या यादीत, नारबाच्या रिकाम्या दावणीत, आनंदाच्या बुडालेल्या शाळेत आणि बहिणाबाईंच्या पिकात शिरलेल्या गुरात हे दिसते.

म्हणून ग्रामीण कादंबरी वाचताना काही साधे प्रश्न विचारून पाहावेत. या घरात पहाटे पहिल्यांदा कोण उठते आणि कशासाठी? जनावराला वैरण कोठून येते? ती आणणाऱ्याच्या नावावर जमीन आहे का? बांधावर काय उगवते, आणि ते घ्यायला आणखी कोणकोण येते? ज्या कादंबरीला हे प्रश्न विचारल्यावर उत्तरे मिळतात, तिच्यातले बांधाचे भांडणही मग वेगळे दिसू लागते. तासभर जमिनीसाठी माणसे अशी का पेटतात याचा उलगडा होतो, कारण त्या तासाबरोबर एका म्हशीची महिन्याची वैरण जाणार असते. ज्या कादंबरीला ही उत्तरे देता येत नाहीत, तिच्यातली कुऱ्हाड कितीही धारदार असली तरी तिने तोडलेला बांध आपण कधी पाहिलेलाच नसतो.